पारूबाईची कॉफी, दोह्यातली म्हातारी

हॅलो? … हॅलो, चिखलदऱ्याचं पोस्ट का? … हो, कतारातून, दोह्याहून, महिपती बोलतो. पारूबाई येऊन बसली असन तठी. … माही बहीन. … द्या, द्या तिले.

बाई? … मीच वं. … एवढ्या जोरानं नको बोलू, आयकू येते मले. … तब्येत बेस आहे. … नाही, नोकरीही आहे. तार पाहून घाबरली काय? शुक्रवारी सकाळी पोस्टात ये, एवढंच तर होतं तिच्यात. … बरं, आता आयक नं. कॉफीचं सांगाचं आहे.

गावच्या श्यामच्या हाती पाठवलेली कॉफीची पिशवी भेटली. … हो, अख्खी. मी ते तशीच जैतूनबाईले नेऊन देली. … अवं, ज्यायची गाडी चालवतो त्यायची आई. इथं पाहुना आला का पयले कहवा, म्हंजे यायची कॉफी, अन् या घरात तो म्हातारीच करते. … दूध नाही टाकत. बिया जराशा भाजाच्या, इलायची घालून उकळाच्या.

हो, हो, तेच म्हातारी. मांगच्या साली जिनं घोट घेतला अन् थुकून टाकला. … माहीत आहे, तुले लय राग आल्ता. पन खोटं बोलली होती का ते? मातीचा वास येते, धुराचा येते, म्हने. तुमी चुलीपाशी, भुईवर वाळवता, हे तिले इथं बसून समजलं. तिचा बाप येमेनातला कॉफीवाला, बाई. दोन एकराचाच. आपल्यावानी. लाल झालं तेच फळ तोडा, भुईपासून उंच वाळवा, हे मी तुले लिवलं ते सारं त्याचंच. … हो, वाळवाच्या त्या नायलॉनच्या जाळ्याही तिनंच घेऊन देल्या, इथल्या मासेवाल्यापासून.

सांगतो नं. … काल सकाळी तिनं भाजली. मी दारात उभा. सून आबिदा ओतत होती. पयला घोट घेतला, गिळला. … थांब, सांगतो. इथं पुरे झालं का माणूस कप हालवते. हालवला नाही का ओतनारी पुन्हा ओतते. म्हातारीनं कप पुढं केला. हालवला नाही. … तीनदा, बाई. मंग माह्याकडं पाहून म्हने, "तुझ्या बहिनीनं औंदा घाई केली नाही."

… बाई? … रडून राहिली काय? … बरं, बरं. रड.

… हो, आहे मी. आता दुसरं आयक, त्याच्याचसाठी फोन केला. तुह्या चिठ्ठीत होतं का लाकूडवाला आला, आपल्या बागेतले आंबे-जांभळं मोजून गेला, सावली काढली तं कॉफी दुप्पट लागते म्हने. अन् भाऊजी तयार. तुह्या मनात काय, ते तू लिवलंच नाही. … नाही, मले बोलू दे आधी. मी जैतूनबाईले इचारलं. तिच्या बापाच्या शेजाऱ्यानं तसंच केल्तं. तीन वर्सं लय पिकलं, मंग पान्यानं मातीच वाहून गेली. सावलीत फळ हळू पिकते, म्हनून तं त्याले चव राह्यते. तू भाऊजीले फोनवर आन, मीच त्यायले…

… काय? … वापस पाठवला? भाऊजीनं?

… नीट सांग, बाई. … तानूबाईच्या वावरात? आपल्या धुऱ्याच्या पलीकडं? … तिनं लाकूडवाल्याले झाडं देऊन टाकली… हां… अन् औंदा उन्हाळ्यात कॉफीची सारी पानं करपली. … भाऊजी स्वता गेले पाहाले? … तिच्याकडची माती हातात घेतली, मंग आपल्याकडची घेतली… एक तव्यावानी, दुसरी थंडगार. … अन् मंग लाकूडवाल्याले चहा पाजून वाटे लावलं.

कमाल आहे. मी आठ दिवस झाले, त्यायले काय सांगाचं ते पाठ करून राहिलो होतो. … हास, हास तू.

तानूबाईचं कसं आता? … सावलीची रोपं देली? साऱ्या मिळून लावाले गेल्त्या? … कॉफीवाल्या अकराही घरच्या? … चांगलं केलं वं. … नाही, कॉफी इकाची तं कॉफी बोर्डालेच, ते मले माहीत आहे. … त्यायनं औंदा आपल्या कॉफीले वरचा नंबर लावला? खरंच? … हे तू आता सांगतं!

थांब, जैतूनबाई आली. फोन मांगते. … तुह्याशीच बोलाचं म्हनते. … नाही समजत तिले मराठी. तू बोल काईही. घे, देतो.

… … …

हां बाई, मी. एवढा वेळ काय बोलली तिच्याशी? … जानेवारीत तोडनीले ये म्हनलं? मराठीत? … अन् ते? … इन्शाल्ला म्हनली? … म्हंजे देवाची मर्जी असली तं. … नाही वं, तिले काय समजलं असन! आवाज आयकून म्हनलं तिनं. … थांब, मी सांगतो तिले तू काय म्हनली ते.

… बाई? आहेस? … अवं, ते इचारून राहिली, जानेवारीत तठी थंडी किती राह्यते. … शाल पुरन का, म्हने, का घोंगडं पाह्यजे. … हॅलो? … घोंगडं, बाई, घोंगडं… हॅलो?