टेपवरचं आमचं मराठी

आमची माणसं इकडं बेंगळूरला कधी आली कुणाला ठाऊक नाही, तीनशे वर्षं झाली म्हणतात, फौजेबरोबर आली म्हणतात, आता फौज नाही काही नाही, मराठी तेवढं घरात राहिलंय, तेही कन्नड मिसळून, तुम्ही पुण्याचे, तुम्हाला हसू येईल. वडील चिकपेटला कापड दुकानात होते. मी टायपिंग शिकलो, शॉर्टहँड शिकलो आणि लष्कराच्या एका डेपोत स्टेनो लागलो, सिव्हिलियन, म्हणजे वर्दी नाही, पण गेट तेच आणि साहेब तेच. स्टेनोचं काम काय, साहेब बोलले ते घ्यायचं, चूक बोलले तरी घ्यायचं. आमचे मास्तर सांगायचे, कानातून बोटात, मध्ये डोकं आणायचं नाही करून, तुमच्यात 'म्हणून' म्हणतात ते. मी ते धरून बसलो.

मग काय सांगू तुम्हाला, एक मेजरसाहेब आले. माणूस वाईट म्हणणार नाही मी, पण बोलून मागं फिरायची सवय. तंबू तपासले, सगळे चांगले आहेत, असा रिपोर्ट त्यांनी सांगितला, मी घेतलो, टाईप केलो, त्यांनी सही केली, तंबू कुणी बघितलेच नव्हते. पुढं ते कुजके निघाले, वरून विचारणा आली, तर साहेब म्हणतात, मी असं बोललोच नाही, स्टेनोनं आपल्या मनानं घातलं, मी विश्वासानं सही केली. मी शॉर्टहँडची वही दाखवलो. वही काय, मागून पण लिहिता येते म्हणाले. मला लेखी ताकीद मिळाली, पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल करून. आणि पुन्हा होणारच होतं की, त्याच महिन्यात जनरेटरची तपासणी होती.

तेव्हा मी एक लहान टेपरेकॉर्डर घेतलो. डब्याच्या पिशवीत, डब्याखाली ठेवून आत नेलो. कुणाला सांगितलो नाही, बायकोलाही नाही. साहेबांनी बोलावलं, मी बाहेरच बटण दाबलो, आत गेलो, पिशवी खुर्चीजवळ ठेवलो, आणि ते बोलले, जनरेटर न बघताच सगळं ठीक आहे करून लिही म्हणाले. झालं माझं काम. पण बटण बंद करताना टक्क असा मोठा आवाज यायचा, म्हणून चालूच ठेवलो आणि तसाच चहाला गेलो. 

चहाला माझ्याबरोबर कोण, तर शिवाप्पा. गेटवरचा हवालदार, बेळगावकडचा. अख्ख्या डेपोत माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटा, मला अण्णा म्हणायचा. पंधरा वर्षं पुरी व्हायला त्याला सात महिने कमी होते, पंधरा झाली की पेन्शन, मग गावाला जातो, म्हशी घेतो, हेच रोज सांगायचा. घरी जाऊन मी टेपचा पहिला भाग तेवढा ऐकलो, साहेबांचा आवाज बरोबर आलाय, बस झालं म्हटलो, बंद केलो. पुढचं ऐकलो नाही. एवढंच चुकलं. नाही, एवढंच नाही, सांगतो.

जनरेटरचीही विचारणा आली, साहेब पुन्हा बोललोच नाही म्हणाले, मी टेप पुढं ठेवलो. चौकशी बसली. कायद्याचे एक साहेब आले होते, शांत माणूस, त्यांनी मला समजावून सांगितलं, चोरून घेतली एवढ्यावरून टेप फेकून देता येत नाही, पुराव्यात येऊ शकते, पण लष्कराच्या जागेत विचारल्याशिवाय मशीन आणलंस, तो वेगळा गुन्हा. आणि टेप घ्यायची तर अख्खी घ्यायची, आपल्याला हवं तेवढं ठेवून बाकीचं सोडता येत नाही. सरी म्हटलो मी, म्हणजे बरं. मग टेप पुढं चालवून म्हणाले, हे कुठल्या भाषेत आहे. मी म्हटलो, मराठी. इथं कुणाला येतं? मला, सर. मग तूच इंग्रजी कर, खाली खरं आहे म्हणून सही कर.

एका खोलीत बसवलं मला, मी, टाईपरायटर आणि टेप. साहेबांचं बोलणं झालं, मग कपबशीचा आवाज, मग शिवाप्पा. म्हणत होता, अण्णा, ह्या साहेब लोकांचं काय घेऊन बसलाय, आपणच एकमेकाला सांभाळायचं, त्या सोमवारी तुमची आई दवाखान्यात होती, तुम्ही आलाच नव्हता, रजिस्टरात तुमची सही मीच मारलो नव्हं का, कुणाला कळलं?

ऐकलं की मी. समजलं पण. आवाज स्पष्ट नाही असं लिहिता आलं असतं, साहेब खोकले तिथं मी तसंच लिहिलो होतो. घरगुती बोलणं, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं, कोण तपासणार होतं? पण बोटं चालूच राहिली. सगळं टाईप केलो, तो शेवटी हसला ते पण. मग सही केलो. तेव्हा काही वाटलं नाही, आजही वाटत नाही, वाटायला पाहिजे हे कळतं, पण आत जाऊन बघितलं तर काही नाही तिथं.

साहेबांची बदली झाली. मी सिव्हिलियन, मला दुसरी ताकीद, नोकरी राहिली. शिवाप्पा वर्दीतला, त्याला लष्कराचा कायदा, खोटी सही म्हणून काढून टाकला. सात महिने राहिले होते.

आता तो यशवंतपूरला कांद्याच्या गोदामावर वॉचमन आहे. मागच्या महिन्यात गेलो होतो, सगळं सांगायचं ठरवून गेलो. त्यानं आपली खुर्ची मला दिली, आपण पोत्यावर बसला. मी तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला, अण्णा, टेपचं मनाला लावून घेऊ नका, मशीन चालू राहिलं त्यात तुमचा काय दोष. पण ज्यानं आपलं मराठी त्यांना इंग्रजी करून दिलं ना, पुण्याकडचा कोणी असणार, मराठी माणूस असून एक ओळ गाळली नाही, त्याचं घर कधी सुखाला लागणार नाही बघा.

मी होय म्हटलो.