चार हजार वर्षांचं सुतक

मी मूळची ठाण्याची. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीत भांडायला मला वेळ लागतो, आणि तसंही मी फारशी बोलणारी नाही. आयर्लंडमधल्या कॉर्कला पुरातत्त्व शिकायला आले ती राहिलेच, आणि आता दर हिवाळ्यात इजिप्तमध्ये थडगी खोदायला जाते. काय सांगू तुम्हाला, इथली मराठी माणसं सगळी सॉफ्टवेअरवाली नाहीतर औषध कंपनीतली, मी काय करते ते सांगितलं की लगेच हवामानाचा विषय काढतात.

काम तसं साधं आहे. खडकात खोल खोदलेली चौकोनी विहीर असते, तिला आम्ही शाफ्ट म्हणतो, शिडीने उतरायचं, तळाच्या कोठडीतली वाळू ब्रशने सारायची, टोपलीत भरून वर पाठवायची, वर ती चाळतात. यंदा एक बाई सापडली. दाढा पार झिजलेल्या, कारण त्यांच्या भाकरीत वाळू जायची. नऊ दिवस मी तिच्याशेजारी पालथी पडून होते.

मी इथल्याच एका मराठी काकूंच्या घरात भाड्याने खोली घेऊन राहायचे, काकू नागपूरच्या, जीव लावणाऱ्या, आणि कॉर्कमध्ये खोली मिळणं किती कठीण ते तुम्हाला माहीतच आहे. तर मार्चमध्ये परत आले, दारात बॅग टेकवली आणि त्या बाईबद्दल कौतुकाने सांगून बसले, ही माझी चूक. काकू दार अडवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, प्रेतं उकरून राहिली का गं तू, आता सुतक किती दिवसांचं धरायचं? मी म्हटलं, काकू, ती चार हजार वर्षांपूर्वी गेली, ज्यांनी पाळायचं त्यांनी तेव्हाच पाळलं. काका आतून हसले, त्याने आणखीच बिघडलं. काकू म्हणाल्या, मागे बागेत नळी आहे, डोक्यावरून पाणी घे नि मगच आत ये, नाहीतर दुसरी खोली बघ. बाहेर चार डिग्री.

मी नाही म्हणाले. थंडीमुळे नाही, हे मुद्दाम सांगते. अंघोळ मी करणारच होते, कानात वाळू होती. पण विटाळ म्हणून नाही. त्या नळीखाली उभी राहिले असते तर ती बाई घाण आहे हे मीच कबूल केलं असतं, आणि तिला तर मी माझ्या हातांनी, दात न् दात, साफ केलंय.

ती खोली सुटली, आता दोनेक तासांवरच्या पोर्टलीश गावाहून रोज ट्रेनने येते-जाते. काकू अजून फोन करतात, जेवलीस का विचारतात, त्यांचं भलं होवो. सोडलं का गं ते, असंही विचारतात. नोव्हेंबरचं इजिप्तचं तिकीट काढलंय, म्हणून सांगते.