मीठ उतरत होतं

—तिथून नाही, मागून हात घाला, काचेच्या मागून. घाला बिनधास्त, अकरा दिवस झाले, टाकी ठणठणीत कोरडी आहे. लागला का जोड? तो जाड पाइप भिंतीत शिरतो ना, त्याच्या जरा अलीकडे — हां, तोच. ते खरखरीत लागतंय ते मीठ, चुना नव्हे. फोटो काढायचा तर काढा. आणि मग बसा जरा, त्या स्टुलावर बसा, डुगडुगतं पण पडत नाही. प्रिन्सिपॉलबाईंनी इंजिनियर येणार एवढंच सांगितलं होतं, तो आपला मराठी माणूस निघेल हे काही ध्यानीमनी नव्हतं. कौस्तुभ म्हणालात ना? कुठले? वाईचे — अरे वा. आणि आता न्यू टाउनला, दोन वर्षं. मी इथलीच हो, जन्म भवानीपूरचा, आजोबा पोस्टाच्या नोकरीत बदलून आले ते परत गेलेच नाहीत. घरात आता मराठी बोलायला कोणी उरलं नाही. यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली, मुलगी आभा टोरांटोला, ती फोनवर दोन वाक्यं अडखळत बोलते आणि इंग्रजीवर जाते. खोटं कशाला सांगू, मी या माशांशी मराठीत बोलायचे. हसा, हसा. सगळी शाळा हसायची.

नाही, चौकशीला माझी ना नाही. झाली की सगळ्यांची — पोलिसांनी बंगालीत विचारलं, कमिटीने इंग्रजीत विचारलं, मी इंग्रजीत लिहून दिलं, दोन परिच्छेद, वकिलांनी मसुदा करून दिला होता. वाचलात ना? त्यात काय आहे? जोड निमाई प्लंबरने केला आणि गळतीची मला कल्पना नव्हती, एवढंच आहे. मग तुम्ही पुन्हा का विचारताय — बरं, स्लॅबचं तुमचं काम वेगळं, पाणी किती दिवस मुरत होतं ते तुम्हाला काढायचंय. काढा. निमाई कसा माणूस म्हणता? चांगला कारागीर. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलंच नाही, पण हाताला चांगला. जानेवारीत पहिला थेंब दिसला तेव्हा मीच त्याला बोलावलं. टॉर्च घेऊन अर्धा तास पालथा पडून बघत होता, आणि उठून म्हणाला, दिदिमोनी, पाणी उतरवायला लागेल, पाइप कापायचा, नवा जोड कोरड्यावर बसवायचा, आणि एक अख्खा दिवस हात लावायचा नाही. मासे दोन दिवस ड्रममध्ये ठेवू, ड्रम मी आणतो, हवेचे पंप मी आणतो. मी म्हटलं, अरे बाबा, हे समुद्रातले मासे आहेत, तुझ्या बाजारातले कोई-मागूर नव्हेत, की घमेल्यात घातले तरी संध्याकाळपर्यंत शेपट्या आपटत राहतील. ड्रममध्ये निम्मे मरतील. आणि दहा दिवसांवर सुवर्णमहोत्सव, पाहुणे येणार, पडदा सरकवणार आणि मागे काय — रिकामी काच?

मग काय केलं? मीच सांगितलं, ओल्यावरच गुंडाळ. त्याला पटलं नाही. पण मी त्याच्या भाचीला इथे फुकट शिकवलेलं, ऐकावंच लागलं त्याला. पट्टी गुंडाळली, वर पुट्टी थापली, आणि म्हणाला, ही मलमपट्टी झाली दिदिमोनी, औषध नाही झालं. कार्यक्रम उरकला की बोलवा. नंतर दोनदा फोन आला त्याचा — एकदा मार्चमध्ये, एकदा एप्रिलात, पोयला बैशाखच्या नंतर. मी सांगितलं, एक थेंब नाही. तेव्हा त्या नारिंगी जोडीने अंडी घातली होती हो, त्या दगडाच्या आडोशाला, बाप रात्रंदिवस पंखाने वारा घालत बसायचा. तेव्हा कसं पाणी उतरवणार? आणि पुढल्या मार्चला मी निवृत्त. म्हटलं, तेवढं निघेल. मग जो येईल तो बघेल. माणूस असाच विचार करतो, तू नाही करत? — तू म्हटलं, चालेल ना? आभाहून लहानच असशील.

आता तुला सांगते, तू इंजिनियर आहेस, तुला गंमत वाटेल. टाकीतलं पाणी रोज कमी होतं. ते हवेत उडालं की कुठे गळालं, कसं ओळखशील? सोपं आहे. पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागे राहतं, म्हणून वर साधं पाणी घालायचं, की मोजमाप होतं तिथे येतं. पण गळतं तेव्हा मीठही पाण्याबरोबर जातं. ही मीठ मोजायची काचेची नळी — सातवीच्या मुलालाही कळेल. मी रोज एक बादली साधं पाणी घालत होते, पातळी रेघेला रेघ, बाहेरून बघणाऱ्याला टाकी जशीच्या तशी, आणि नळीवर मीठ उतरत होतं. मेमध्ये उतरलं, जूनमध्ये उतरलं. मग मी गॅलिफ स्ट्रीटच्या शोभेच्या माशांच्या बाजारातून मिठाची पोती आणली आणि बादलीत मीठ कालवून घालायला लागले, की लगेच सगळे मासे टवटवीत. शिकवायला फार सुंदर धडा आहे हा. मी कधी शिकवला नाही, ते सोड.

म्हणजे काय? म्हणजे — हो, म्हणजे पाणी कुठेतरी जात होतंच. खालची खोली शिशुवर्गाची. ऑगस्टमध्ये पुतुल वर आली, झाडपूस करणारी, तिथे खाली दुपारी लादी पुसत होती तर ओठावर थेंब पडला आणि तिने तो चाटला. दाराशी उभी राहून म्हणाली, दिदिमोनी, नोनता. खारट. बाईला अक्षर येत नव्हतं, पण छतातलं पाणी खारट म्हणजे ते कुठलं, हे तिला बरोबर कळलं. म्हणून ऑफिसात न जाता माझ्याकडे आली. आणि मी काय सांगितलं? मी तिला म्हटलं, ऑफिसात बोलू नकोस, उगाच खोली बंद करतील, मुलांना बसायला जागा नाही. एक बादली ठेव खाली, आणि शाळा सुटली की रोज ओतून टाक. बिचारी रोज ओतायची. वर येऊन मला सांगायची सुद्धा, आज अर्धी, आज पाऊण. त्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा, मुलं गेलेली, सगळे म्हणतात देवाची कृपा. पुतुल बादली उचलायला वाकली आणि छताचा तेवढाच भाग पाठीवर आला. चौथ्या दिवशी गेली. पंचनाम्यात लिहिलंय, लादी पुसायची बादली. मी वाचलं, आणि दुरुस्त केलं नाही. मासे म्हणशील तर ते त्याच संध्याकाळी मेले, वीज तोडली होती ना. एकूण एक उलटे झाले, ती नारिंगी जोडीसुद्धा. ज्यांच्यासाठी केलं ते काही उरले नाहीत. मला झोप लागत नाही रे. आज अकरा दिवसांत हे पहिल्यांदा कोणाशी बोलले, आणि कसं सरसर आलं बघ तोंडातून, आईशी बोलावं तसं —

तू लिहीत का नाहीस? पेन कधी खाली ठेवलंस?

काय म्हणालास? हेच इंग्रजीत लिहून द्या. सही करा — असं?

नाही. मी तुला — तुम्हाला — घरचं समजून बोलले. तुम्ही स्लॅब बघायला आला होता, स्लॅब बघितलात. माझं जे म्हणणं आहे ते दोन परिच्छेदांत दिलेलं आहे, त्याच्यापुढे माझं काही म्हणणं नाही. तुम्ही तुमच्या अहवालात वेगळं काही घातलंत तर मी सांगेन, असं मी बोललेच नाही. खोलीत तिसरं कोणी होतं का? आणि कमिटीत मराठी कोणाला कळतं? बत्तीस वर्षं शिकवतेय मी इथे. तुम्हाला येऊन किती झाली, दोन. ते स्टूल जागेवर ठेवा.

हो, उद्या निमाईच्या जामिनाची तारीख आहे, ठाऊक आहे मला. त्याची बायको दोनदा फाटकाशी येऊन गेली, मी खिडकीतून बघितलं तिला. साडेदहाला आहे ना कोर्टात? साडेदहाला माझा सातवीचा तास असतो. या आता.