गोकुळाबाईचा नंबर

अहेरीच्या बसस्टँडवर उमेरा गाडीची वाट पाहत होती. शेजारी गोकुळाबाई आपल्या गावच्या हेमराजभाऊला सांगत होती.

"रिचार्ज मारला होता भाऊ, तरी कंपनीनं न इचारता नंबर बंद केला. आता म्हणते, चूक झाली."

"गडचिरोलीले ग्राहक मंचात तक्रार टाक बाई. भरपाई भेटते."

"नंबर भेटते का?"

"तो तं दुसऱ्याले देल्ला त्यायनं. नवा घे."

"माहा पोरगा स्वप्निल हैदराबादले कामाले गेला. त्याले तोच पाठ हाये. त्याचा पत्ता मले ठाव नाई."

"मंग त्या दुसऱ्या माणसाले फोन लावून सांग ना."

"लावला. तो म्हणे, 'बूथावरून फोन लावून एक पोरगा आई आई करे. मी त्याले शिव्या देल्ल्या. आता करत नाई.'"

गाडी लागली, तरी उमेराला उठवेना.