नव्या ऑफिसचा नकाशा

दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या मास्तरीणबाईंचे डोळे पेपरात होते, पण कान शेजारच्या बहीणभावाकडे.

“दादा, नव्या ऑफिसचा नकाशा काल मला सापडला. तुझी केबिन आहे, वहिनीची आहे. माझी कुठाय?”

“कसला नकाशा?”

“आपल्या तिन्ही कॉम्प्युटरवर सगळं सारखंच राहतं. तू काही काढलंस की ते माझ्याकडेही येतं.”

“मग दाखव की.”

“संध्याकाळी तू पुसलास, तेव्हा माझ्याकडचाही गेला.”

“उगाच पराचा कावळा करू नकोस.”

“बाबांचा कॉम्प्युटर ते आजारी पडल्यापासून बंद होता.”

“चालू केलास की त्यावरचाही जाईल.”

“म्हणूनच आज नेटवर्कची वायर काढून चालू केला. नकाशा आहे त्यात. बाबांनी तो उघडला होता, दादा. छातीत दुखायला लागलं त्याच सकाळी.”