बदलीसाठी लावलेला कौल

मी मूळची कराडकडची, उसाच्या पट्ट्यातली. वडील फौजेत, घरात शिस्त, आणि डी.एड. झाल्यावर मी कुणाचं ऐकंना. काय सांगू तुम्हाला, ती पोरगी, म्हंजी तवाची मीच, आज दारात आली तर मी तिला पाणीबी इचारायची न्हाई, एवढी शहाणी! शाळा मिळाली ती पार म्हसवडच्या पलीकडं, मेंढरं राखणाऱ्यांच्या गावात. एस.टी.तनं उतरले, बघितलं तर सगळं माळ, आणि पहिल्या दिवसापासनं माझं एकच तुणतुणं, बदली.

त्या गावात काईबी ठरवायचं म्हणजे देवाला कौल लावायचा. गुरव देवाच्या छातीला पाण्यानं दोन पाकळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई. हीर कुठं पाडायची, सोयरीक करायची का, सगळं त्यावर. चौथीत माझ्याकडं सखू हुती, गणितात लय हुशार. पाचवीला शेजारच्या गावात चालत जायाचं, म्हणून तिच्या बापानं, बिरूदादानं, कौल लावला. डावी पडली. सखू म्हणाली, बाई, आता मी मेंढरांमागं जाणार. माझं डोकंच फिरलं. भर वर्गात बोलले, पाकळी वाळली की पडती, दगडाला काय कळतंय सखूचं?

पोरांनी ते घरी न्यायला कितीसा येळ लागतोय. दुसऱ्या दिवशी शाळा सुटली आणि गाव पारावर. सरपंच म्हणाले, बाई, पोरांपुढं देवाची माफी मागा, न्हाईतर आमी तुमच्या बदलीचा अर्ज करतो. मी पदर खोचून भाषण ठोकलं, विज्ञान काय, घटना काय, माझंच मला लय भारी वाटत हुतं.

तवर गुरव म्हातारा गालात हसला. म्हणाला, आवं बाई, गेल्या आवसंला तुमीच आलता की कौल लावाय, बदली हुईल का म्हणून. उजवी पडली हुती. आता गाव करतंय बदली, तर देव खरा झाला म्हणायचा!

सगळा पार हसला. बाया तर तोंडाला पदर लावून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. व्हय, गेले हुते चोरून, नारळ पिशवीत लपवून. वर्गात विज्ञान आणि देवळात नारळ, अशी मी.

पण बिरूदादा हसला न्हाई. तो म्हणाला, बाई गेल्या तर त्यांचा कौल खरा, मग सखूचाबी खरा. आणि न्हाई गेल्या तर?

गुरव म्हणाला, मग तू तुझं बघ गड्या, देवानं काय हात धरलाय व्हय तुझा.

मी म्हटलं, मी जात न्हाई. माफीबी मागत न्हाई. चोरून कौल लावला, ते मातर पोरांना सांगीन. सांगितलं, पोरं खिदळली. सरपंच म्हणाले, ऱ्हाऊ दे, उन्हाळ्यात आपसूक पळतील. जूनमधी खरंच बदलीचा हुकूम आला, मीच आधी अर्ज केलेला, आणि मी नको म्हणून लिहून दिलं. कराडात माझी वाट बघणाऱ्या सासूबाई महिनाभर बोलल्या न्हाईत. सखू पाचवीला गेली.

आता मी सांगलीत लेकाकडं असते. सूनबी शिक्षिका. तिच्या वर्गात एका पोरानं इचारलं, बाई, तुमी देव मानता का? ही न्हाई म्हणाली. कुणीतरी ते फोनवर फिरवलं आणि वरनं पत्र आलं, लेखी खुलासा द्या. चार दिस झाले, ती जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसतीया. मी म्हटलं, जे बोललीस तेच लिही. ती म्हणाली, आई, तुमच्यापुढं निदान माणसं बसली हुती, मला तक्रार कुणी केली तेबी ठाऊक न्हाई.

कागद अजून कोरा हाय. सकाळी ती शाळंला निघाली की मी मनात म्हणते, हिला बळ दे. कुणाला म्हणते, ते मातर इचारू नका.