नकाशातला बैल

माह्या मायनं काढलेला बैल पाहाचा असन, त इंझोरीच्या पंचायतीतला सरकारी नकाशा पाहा.

गावाचा आराखडा बनून राह्यला होता. गुरं जमतात त्या आखरावर साहेबानं 'पडीक' लिहून गोदाम दाखवलं. ग्रामसभेत तो नकाशा मांडला. माय उठली, "मंग आमी पोळा कुठं भरवाचा?"

"बाई, पोळा वर्षातून एकच दिवस असतो."

"लगन त जिनगीत एकच दिवस असते, साहेब. मंग बाकीचे दिवस बायकोले पडीक म्हनता काय?"

साहेब हसले, पेन तिच्या हाती देला. "तुम्हीच लिहा."

मायले लिहिता येत नाही. तिनं गोदामावर बैल काढला. नकाशा तसाच मंजूर झाला.

शिंग जरा वाकडं हाये. पण आता तो बैल हलवाले ग्रामसभेचा ठराव लागते.